दारात आठवलेली तक्रार

पत्र असं आहे:

"ताई, मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय 44, सातवी शिकली. सहा-सात महिन्यांपासून अंगावरून लई जाते. पंधरा-अठरा दिवसांत पाळी येते, आठ-आठ दिवस राहते, गाठी पडतात. महालक्ष्म्यांच्या वेळी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या, तेव्हापासून तर जास्तच. तालुक्याच्या डॉक्टरकडे तीनदा गेली. साहेब विचारतात, काय होते? मी तोंड उघडायच्या आधी आमचे मालक सांगतात, कमजोरी आहे, चक्कर येते. मग सलाईन, एक सुई आणि ताकदीचं औषध. तीन वेळचे मिळून अडीच हजार गेले. उठून दारापर्यंत आली की आठवते, खरं सांगायचं तर राहूनच गेलं. तोपर्यंत दुसरा नंबर आत आलेला असतो. मग नणंदेने यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त 8.2 निघालं. ते म्हणाले, पिशवी खराब झाली, काढून टाका. पुढच्या महिन्याची तारीख दिली. मी हो म्हटलं. घरी सासूने विचारलं, काय खराब झालं वं? मले सांगताच येईना. डॉक्टरसमोर बसली की जीभ टाळूला चिकटते. साहेबांना राग येणार नाही असं कसं बोलावं, तेवढं सांगा."

बाई, वयाने तू माझ्या धाकट्या बहिणीएवढी, म्हणून तू म्हणते. बोलण्याचं नंतर पाहू, आधी एक पक्कं डोक्यात ठेव. तासाला एक पॅड किंवा एक घडी भिजते आहे, असं दोन-तीन तास चाललं, किंवा उभी राहिलीस की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, जिना न चढताच दम लागतो, तर तारखेची वाट पाहायची नाही. मालक वावरात असोत की बाजारात, 108 ला फोन लावायचा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं. 8.2 रक्त असलेल्या बाईला अंगावर काढायला फारशी जागा उरलेली नसते. बायकांचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, 12 च्या वर हवं.

आता तुझं पत्र. मी ते दोनदा वाचलं आणि मला हसू आलं, रागावू नको. जीभ टाळूला चिकटते म्हणतेस, आणि दहा ओळींत वय, किती महिन्यांपासून, किती दिवसांनी, किती दिवस, गाठी, मेडिकलच्या गोळ्या, रक्ताचा आकडा, सगळं लिहून बसलीस. कोणत्याही डॉक्टरला पहिल्या भेटीत हेच हवं असतं. तुला सांगता येत नाही असं नाही. दवाखान्यात क्रम उलटा होतो, एवढंच. आधी कमजोरी, मग चक्कर, आणि जे खरं दुखणं ते दारात.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रांवर मिळून एकतीस वर्षं नोकरी केली, आधी नर्सबाई म्हणून, नंतर सहायिका म्हणून. ओपीडीच्या दारात उभं राहून नंबर सोडायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. तू सांगतेस ती जागा मला पाठ आहे. उजव्या हातात चिठ्ठी, डाव्या हाताने पदर सावरत बाई उठते, दोन पावलं टाकते, दाराची चौकट धरते आणि म्हणते, "आनं साहेब..." त्या "आनं साहेब"च्या पुढे जे यायचं तेच खरं असायचं. छातीतली गाठ, मूल होत नाही, नवरा मारतो, लघवीत रक्त. आणि मी काय म्हणायचे? "चला चला, पुढे सरका, मागे लाईन आहे." आज लाज वाटते. पण साठ-सत्तर केसपेपर टेबलावर पडलेले असताना मला तेव्हा ती वाटली नाही, हेही खरंच.

डॉक्टरकडे वेळ किती असतो, हे तुला ठाऊक असलेलं बरं. 2017 मध्ये 67 देशांतली माहिती गोळा करून एक अभ्यास छापून आला होता. त्यात पहिल्या पायरीच्या डॉक्टरकडे एका पेशंटला भारतात जेमतेम दोन मिनिटं मिळतात असं दिसलं. स्वीडनमध्ये बावीस मिनिटं. आणि त्याच्याही खूप आधी, 1984 मध्ये, अमेरिकेतल्या दवाखान्यात ध्वनिफिती लावून मोजलं होतं, तर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला मध्येच तोडत होते. म्हणजे तोडायची सवय आपल्याच डॉक्टरांना आहे असं नाही. ही मंडळी पहिल्या वाक्यावर मनात एक दिशा धरतात आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच दिशेने विचारतात. पहिलं वाक्य "कमजोरी" असलं की गाडी सलाईनच्या रस्त्याला लागली म्हणून समज. नंतर वळवणं त्यांनाही जड आणि तुलाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. जी गोष्ट दारात आठवते, ती स्टुलावर बसताच बोलायची. ज्याची भीती वाटते, ज्याची लाज वाटते, तेच पहिलं. तुझ्यासाठी मी वाक्य तयार करून देते: "साहेब, सात महिन्यांपासून पाळीत रक्त जास्त जाते, पंधरा-अठरा दिवसांनी येते, आठ दिवस राहते, गाठी पडतात." बस. हे म्हणायला दहा सेकंद लागतात. घरी भाकरी थापताना म्हण, कापूस वेचताना म्हण, पाच-सहा वेळा मोठ्याने. पऱ्हाट्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. एकदा तोंडाला वळण पडलं की दवाखान्यात आपोआप बाहेर येतं.

"पाळीत रक्त" हे दोन शब्द जसेच्या तसे ठेव. "अंगावरून जाते" म्हणू नको. आपल्याकडे पांढरं जाणं आणि लाल जाणं, दोन्हीला बाया तसंच म्हणतात. आणि समोरचा नवा डॉक्टर, त्यातून बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीवर आलेला सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याला पांढरंच वाटलं तर त्या गोळ्या देऊन मोकळा होईल. आमच्या केंद्रात कोकणातला एक डॉक्टर आला होता, भला मुलगा. एक म्हातारी त्याला म्हणाली, "पोटात गोया उठते बाप्पा." गोया म्हणजे आपल्याकडे पोटात उठणारा गोळा. तो विचारतो, "कुठल्या गोळ्या घेतल्या?" ती म्हणते, "गोया घेतल्या नाही, गोया उठते." दोघं पाच मिनिटं गोळ्यांवरच. शेवटी मी मध्ये पडले. म्हणून अवयवाचं नाव घ्यायचं, रक्त असेल तर रक्त म्हणायचं, पू असेल तर पू. त्यांनी पोस्टमॉर्टेमही पाहिलेलं असतं, तुझ्या एका शब्दाने कोणी दचकत नाही.

मोजमाप सांगता आलं तर सोन्याहून पिवळं. "लई जाते" यातलं लई तुझं वेगळं, माझं वेगळं. दिवसाला किती पॅड, की किती घड्या? रात्री उठून बदलावं लागतं का? गाठ बोराएवढी की लिंबाएवढी? भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आली त्या दिवशी फुली, संपली त्या दिवशी गोल, आणि जास्त गेलं त्या दिवशी दोन फुल्या. मागचे दोन-तीन महिने आठवून आजच भर. नक्की तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, भावाकडे गेली होतीस तेव्हा की आल्यावर, असं धरून लाव. सासूला काय कळायचं ते कळेल, तिचेही दिवस होतेच.

पत्रात एक गोष्ट तू येता-जाता लिहिलीस, आणि मी तिथेच थांबले. महालक्ष्म्यांच्या वेळच्या गोळ्या. हे तू दोनपैकी एका तरी डॉक्टरला सांगितलंस का? नाही ना? मला वाटलंच. कारण त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणल्या, आणि साहेब रागावतील. आपल्याकडे गणपती, महालक्ष्म्या, घरचं लग्न, काहीही आलं की मेडिकलवाला दहा गोळ्यांची पट्टी काढून देतो, जणू पेपरमिंट. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात. घेतल्यावर पाळी थांबते, सोडल्यावर येते, आणि ती पुढे-मागे, जास्त-कमी होऊ शकते. तुझं दुखणं त्या गोळ्यांच्या आधीपासूनचं आहे, म्हणून सगळा दोष त्यांच्यावर मी टाकत नाही. पण त्यांनी त्यात भर घातली का, हे डॉक्टरने ठरवायचं, आणि त्याला माहीतच नसेल तर ठरवणार कसं? पट्टी असेल तर पट्टी ने. नसेल तर रिकामं पाकीट, तेही नसेल तर त्या मेडिकलवाल्याला नाव विचारून कागदावर लिहून घे. गावातल्या वैदूचा काढा घेतला असेल तर तोही सांग.

लपवण्याबद्दल मी बोलते तेव्हा स्वतःचंच सांगते. मला बीपी आहे. निवृत्तीनंतरच्या वर्षी नातवाच्या बारशाच्या धावपळीत महिनाभर गोळी घेतलीच नाही. तपासायला गेले, बीपी वर. डॉक्टरने विचारलं, गोळी चालू आहे ना? मी, नर्स, म्हणाले, हो साहेब, रोज. त्यांना वाटलं एका गोळीने भागत नाही, म्हणून दुसरी जोडली. मी घरी येऊन शहाण्यासारख्या दोन्ही सुरू केल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात भोवळ येऊन पडले. डॉक्टरची यात काय चूक? जे सांगितलं त्यावर त्यांनी हिशोब केला. तेव्हा रागावणं ऐकून घेतलेलं परवडलं असतं, कोपर मोडलेलं नाही परवडलं.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा नोकरीतच होते. पोट्टे यायचे, डोळे चुरचुरतात, मळमळते, घाम फुटतो. कोणतं औषध मारत होता रे? तर, "थे वावराच्या मालकाले माहीत." कोणत्या विषावर कोणता उतारा द्यायचा हे औषधाच्या नावावरून ठरतं, आणि नाव बाटलीवर, बाटली बांधावर. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, माणूस उचलताना डबाही उचला. मालक यंदा फवारणीला जात असतील तर त्यांनाही सांगून ठेव.

मालकांचा विषय निघालाच आहे. त्यांच्यावर मला राग नाही. तुझ्यासाठी ते तीनदा कामधंदा सोडून तालुक्याला आले, पैसे भरले. पाळीबद्दल परक्या पुरुषापुढे बोलायला त्यांनाही संकोच वाटत असेल, म्हणून त्यांनी कमजोरीवर नेऊन ठेवलं. पण दुखणं ज्याचं, पहिलं वाक्य त्याचं. हे त्यांना दवाखान्यात सांगू नको, तिथे अपमान वाटेल. आदल्या रात्री जेवण झाल्यावर सांग, "उद्या मी बोलतो, तुम्ही फक्त औषध कसं घ्यायचं ते ध्यान देऊन ऐका, माझ्या लक्षात राहत नाही." काम वाटून दिलं की पुरुष माणूस बरोबर गप्प बसतो. तरीही ते सुरू झालेच तर त्यांना तोडू नको, त्यांचं वाक्य संपलं की म्हण, "आणि साहेब, मुख्य म्हणजे..." आणि मग तुझं वाक्य.

एकटीनेच बोलायचं असेल तर आत जाण्याआधी दारातल्या सिस्टरला म्हण, "सिस्टर, मला डॉक्टरशी दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे." हे आम्हाला रोजचं असतं. चांगली सिस्टर मालकांना केसपेपरवर शिक्का आणायला पाठवून देते, मीही कितीतरी जणांना पाठवलं आहे. डॉक्टर पुरुष असेल आणि तपासायचं म्हणेल तर खोलीत बाई माणूस हजर असण्याचा तुझा हक्क आहे. रुग्णहक्कांच्या सनदेत ते लिहिलेलं आहे. "सिस्टरला बोलवा ना साहेब" एवढंच म्हणायचं, भांडण करायचं नाही.

सलाईनचं थोडक्यात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. उलट्या-जुलाबात ती जीव वाचवते. रक्त मात्र तिने वाढत नाही. पुढच्या वेळी सलाईन लावू म्हणाले तर विचार, "साहेब, हे कशासाठी? याने रक्त वाढेल का?" आणि खरं सांगू का, कित्येक डॉक्टर सलाईन लावतात ते आपण मागतो म्हणून. न लावता पाठवलं तर आपणच चौकात सांगतो, त्याच्या हाताला गुण नाही.

आता पिशवी. ती काढावी की नाही, हे मी पत्रावरून सांगणार नाही. काही वेळा काढावीच लागते, आणि वेळेवर काढल्याने बायका सुटल्याचंही मी पाहिलं आहे. पण "खराब झाली" हे आजाराचं नाव नव्हे. टमाटे खराब होतात. पिशवीत गाठ आहे, अस्तर जाड झालं आहे, थायरॉइडमुळे पाळी बिघडली आहे, की आणखी काही, याला प्रत्येकी वेगळं नाव आहे, आणि नावावरून इलाज वेगळा. तुला आणखी एकदा त्या डॉक्टरकडे जायचंच आहे. तेव्हा कागद काढून विचार. माझ्या आजाराचं नाव काय, ते चिठ्ठीवर लिहून द्याल का? वयाच्या या टप्प्यावर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून घेतात ना, माझा घेतला का, घ्यायचा आहे का? रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी, याने माझं भागेल का? आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा प्रश्न हा: "साहेब, आता नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल?" उत्तर "आठ दिवसही थांबू नका, कारण हे" असं आलं तर तुला कळलं की हे तातडीचं आहे. "थांबता येईल" आलं तर दुसरीकडे दाखवायला वेळ मिळाला.

करायचंच ठरलं तर आणखी एक विचारायचं. नुसती पिशवी काढणार की अंडाशयही? बायकांना हे दोन वेगळे अवयव आहेत हेच कोणी सांगत नाही. दोन्ही अंडाशय काढले की पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास एकदम अंगावर येतात, अंगाची आग, झोप उडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं. कधी काढावे लागतात, पण मग का, ते तुला माहीत पाहिजे. आणि रक्त 8.2 आहे, तर ऑपरेशनच्या आधी ते कसं वाढवणार? गोळ्यांनी, शिरेतून लोह देऊन, की रक्त चढवून? तुझी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी कधी झाली नसेल तर तीही करून घे. आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत निघतो, सरकारी दवाखान्यात त्याची साधी चाचणी होते, आणि तो असेल तर रक्ताच्या इलाजाचं गणित वेगळं असतं.

हे सगळं विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. दिल्लीतल्या एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वय 44, तुझंच, आणि तक्रारही पाळीतल्या जास्त रक्तस्रावाची. दुर्बिणीने तपासायचं म्हणून तिला भूल दिली, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेतली आणि पिशवी, अंडाशय सगळं काढून टाकलं. 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की शुद्धीवर असताना निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईची सही चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. आजार काय, इलाज काय, दुसरे पर्याय कोणते, धोके काय, नाही केलं तर काय, हे पेशंटला सांगून मगच सही घ्यायची. म्हणजे वर मी तुला जे प्रश्न दिले, ते माझ्या डोक्यातले कमी आणि न्यायालयाच्या निकालातले जास्त. सही तुझी आहे, मालकांची नाही आणि नणंदेचीही नाही.

दुसरीकडे दाखवायचं तर कुठे? यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना आहे, तिथे आपल्या भागातल्या बायका पिढ्यान्पिढ्या जातात. तुझ्या आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात केलीस तरी चालेल. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत, तिथून वरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. ऑपरेशन ठरलं तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार, त्याचं टेबल बहुधा प्रवेशद्वाराजवळच असतं. राशनकार्ड, आधार बरोबर. एसटीत तुझं तिकीट अर्धं. जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट हवा, आणि तो यवतमाळच्या त्या डॉक्टरकडे राहिला असेल तर मागायचा. "घरी दाखवायचा आहे" म्हण. नियमाप्रमाणे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात.

राहिला राग. तू विचारलंस की साहेबांना राग येणार नाही असं कसं बोलावं. बाई, याची हमी मी देऊ शकत नाही. राग कधी आपल्यावर नसतोच, आधीच्या पेशंटवरचा असतो, रात्रपाळीचा असतो. पण काय टाळता येतं ते सांगते. "मोबाईलवर पाहिलं" असं सुरू करू नको. त्यांचा चेहरा लगेच बंद होतो. "शेजारणीला तर गोळ्यांनी बरं वाटलं" हेही नको. त्यापेक्षा "मला नीट समजलं नाही, एकदा परत सांगता का?" याला चिडणारे डॉक्टर मी फार कमी पाहिले. आणि अगदीच धीर होत नसेल तर आपल्या बायकांचा जुना उपाय आहे: "साहेब, घरी सासू विचारते, काय सांगू?" घरच्यांना सांगायचं म्हटलं की डॉक्टरही जरा थांबून, सोप्या शब्दांत सांगतात. मला स्वतःला हे फारसं आवडत नाही, आपल्याच शरीराचं आपल्याला समजून घ्यायला सासू कशाला पुढे करायची? पण पहिल्या खेपेला कर, चालतं. तुझी सासू तर खरोखरच विचारते आहे.

त्यांचं सांगून झालं की उठायच्या आधी तुझ्या शब्दांत परत म्हणून दाखव: "म्हणजे साहेब, ही गोळी सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर, पाच दिवस, आणि रक्त थांबलं नाही तर आधीच यायचं, असंच ना?" चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. दवाखान्यातलं अर्धंअधिक माणूस पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो, शिकलेलाही. चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. मेडिकलवाल्याकडून पाकिटावर मराठीत लिहून घे.

आणि एवढं करूनही तिथे गेल्यावर जीभ चिकटलीच, तर बोलायचंच नाही. खालचा मजकूर वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ने, आकडे तुझे भर, आणि बसताच टेबलावर ठेव:

"वय 44. सात महिन्यांपासून पाळीत जास्त रक्त. ___ दिवसांनी येते, ___ दिवस राहते. दिवसाला ___ पॅड. गाठी ___ एवढ्या. रक्त 8.2, तारीख ___. महालक्ष्म्यांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, नाव ___, ___ दिवस. पिशवी काढायला सांगितली आहे. मला विचारायचं आहे: आजाराचं नाव, दुसरा इलाज, थांबलं तर काय."

माझ्या टेबलावर अशी चिठ्ठी ठेवणारी एकच बाई मला एकतीस वर्षांत आठवते. मुकी होती ती, पोरीकडून लिहून आणायची. तिची तपासणी सगळ्यांत नीट व्हायची.

कॅलेंडर भिंतीवरून काढून तसंच गुंडाळून पिशवीत टाक, फुल्या उतरवून घेण्यात वेळ घालवू नको. दुधाचा हिशोब आणि गॅसची तारीख त्याच्यावर असली तरी डॉक्टरचं काही बिघडत नाही.